त्याचे वाक्य त्याला पूर्ण करू दे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

शाळेत, बोलण्यात अडचणी असलेल्या मुलांना मदत करणारी वाचासाहाय्यक म्हणून पुढच्या आठवड्यात रुजू होत असल्याचे तुझे पत्र मिळाले. मुलांविषयीचा जिव्हाळा त्यात ओळीओळीतून दिसतो आणि नेमक्या त्या जिव्हाळ्याविषयीच मला तुला सावध करायचे आहे. बोलताना अडणाऱ्या मुलाशेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला त्याची धडपड पाहवत नाही. तो नकळत मुलाचा शब्द स्वतःच पुरवून टाकतो आणि मुलाची बोलण्याची पाळी निघून जाते. ती पाळी मुलासाठी राखून ठेवणे हे या कामातले सर्वांत अवघड काम आहे, असे मी आजही मानते.

माझ्याच हातून काय घडले ते सांगते. 'क'च्या जागी 'त' म्हणणारा एक सात वर्षांचा मुलगा माझ्याकडे होता. 'कार'ची 'तार' व्हायची, 'काप'चा 'ताप'. लहान वयात हा बदल सर्रास आढळतो आणि बहुतेक मुलांच्या बोलण्यातून तो साधारण चौथ्या वर्षापर्यंत आपोआप जातो. याचा मात्र राहिला होता. 'प' किंवा 'त' शिकवताना आरसा उपयोगी पडतो, पण 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलून टाळूच्या मऊ भागाला टेकतो, त्यामुळे आरशात फारसे काही दिसत नाही. म्हणून वाचादोषांवर उपचार करणाऱ्या थेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे मी त्याला जिभेचे टोक खालच्या दातांमागे टेकवून ठेवायला सांगत असे. महिन्याभरात माझ्या नोंदवहीत दहापैकी नऊ शब्द बरोबर येऊ लागले आणि मला अतिशय आनंद झाला. मग एके दिवशी थेरपिस्ट आमच्या मागे येऊन बसल्या. पाच-सहा चित्रे पाहून झाल्यावर त्यांनी मला दोन्ही हात मांडीवर ठेवून आणि तोंड मिटून पुढची चित्रे दाखवायला सांगितली. दहापैकी तीन शब्द बरोबर आले. प्रत्येक चित्राआधी माझे बोट गळ्याकडे जात होते आणि माझे तोंड आधीच उघडत होते, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. मुलगा चित्र पाहून बोलत नव्हता, तर माझ्याकडे पाहून बोलत होता.

म्हणून नोंद करताना केवळ बरोबर की चूक एवढेच लिहू नकोस. मदतीशिवाय म्हटले, खुणेनंतर म्हटले की तुझ्या मागून म्हटले, हे प्रत्येक वेळी वेगळे दाखव, आणि सेशन संपल्यावर आठवून लिहिण्यापेक्षा तिथल्या तिथे लिही, कारण आपल्या आवडत्या मुलाच्या बाबतीत आठवण फार उदार होते. सुटा ध्वनी, मग अक्षर, शब्द, छोटा शब्दसमूह, वाक्य आणि शेवटी सहज गप्पा, अशा पायऱ्यांनी हे काम चढत जाते. पुढची पायरी केव्हा घ्यायची हे थेरपिस्ट तुझ्या नोंदींवरूनच ठरवतात. फुगलेला आकडा मुलाला अशा पायरीवर नेऊन ठेवतो, जिथे त्याचा पाय अजून टेकत नाही.

निदान करणे, उद्दिष्टे बदलणे आणि चाचण्यांचा अर्थ पालकांना सांगणे हे तुझे काम नाही. 'आमचा मुलगा कधी नीट बोलेल?' असे एखादी आई फाटकाशी विचारील, तेव्हा तिला धीर देण्याच्या भरात मुदत सांगू नकोस. प्रश्न मी थेरपिस्टपर्यंत पोहोचवते एवढे सांग आणि तो त्याच दिवशी पोहोचव. खाताना ठसका लागणारे किंवा घास गिळताना अडखळणारे मूल दिसले, तर स्वतः कोणताही उपाय न करता ताबडतोब कळव. रोज ऐकणारे मूल सर्दीच्या दिवसांत अचानक ऐकेनासे झाले, तर त्याला हट्टी ठरवण्याआधी तेही कळव. मधल्या कानात पाणी साठल्याने ऐकणे काही काळ कमी होऊ शकते.

थांबण्याचा सराव मात्र मुद्दाम करावा लागतो. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोज. सुरुवातीला हा वेळ असह्य वाटेल, पण कित्येक मुलांचे उत्तर सहा-सात आकड्यांनंतर येते आणि आपण तिसऱ्यालाच प्रश्न बदललेला असतो. तोतरे बोलणाऱ्या मुलाला 'सावकाश बोल', 'श्वास घे' असे सांगू नकोस आणि शब्द ओळखू आला तरी त्याच्या तोंडून काढून घेऊ नकोस. तो काय सांगतो आहे याकडे लक्ष ठेव, तुझी नजर नेहमीसारखीच राहू दे, आणि तुझे स्वतःचे बोलणे थोडे निवांत असू दे.

चित्रांच्या फलकावर किंवा टॅबवर बोट ठेवून बोलणारी मुलेही तुझ्याकडे येतील. अशा साधनामुळे मूल तोंडाने बोलायचे थांबेल, ही भीती पालकांना वाटते आणि कधी शिक्षकांनाही. संशोधनात तिला आधार मिळालेला नाही. तू स्वतः बोलताना त्या चित्रांवर बोट ठेवत जा, कारण इतर मुलांना भाषा कानावर पडून मिळते, तशी या मुलाला ती डोळ्यांसमोरही दिसायला हवी. शिक्षा म्हणून ते साधन कधीही काढून घेऊ नकोस, आणि खेळाच्या सुट्टीत ते वर्गातच पडून राहत नाही ना, हे रोज पाहा. ते त्या मुलाचे तोंड आहे.

वर्गात, सवंगड्यांसमोर, उच्चार दुरुस्त करू नये. मुलगा 'तार आली' म्हणाला, तर 'हो, कार आली, लाल कार' असे म्हणून पुढे जावे. नीट उच्चार त्याच्या कानावर पडतो आणि त्याचा मानही राहतो. सेशनमध्ये मात्र मी त्या मुलापुढे कारचे आणि तारेचे अशी दोन चित्रे ठेवत असे आणि तो जे म्हणेल तेच चित्र त्याच्या हातात देत असे. एकदा तार हातात आल्यावर तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. माझे हात मांडीवर होते. त्याने ते चित्र परत ठेवले, तोंड उघडले आणि हळूच 'क' म्हणून, जरा थांबून, 'आर' म्हटले. मी नोंदवहीत 'मदतीशिवाय' असे लिहिले.

पहिल्या आठवड्यात शिकवण्याची घाई करू नकोस. वर्गात मागच्या बाकावर बसून एकाच मुलाकडे लक्ष दे: दिवसभरात तो किती वेळा बोलायला तोंड उघडतो, आणि त्यांपैकी किती वेळा दुसरेच कोणी त्याच्या वतीने बोलून टाकते. मुलाचे नाव न लिहिता ते दोन आकडे मला कळव, मग आपण पुढचे बोलू.

तुझी,
बाई