पगारी मान

एका छापखान्याचे मालक माझ्याकडे सल्ला मागायला आले होते. प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी एका फोटोची प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवली. मोर्चाचा फोटो होता. गर्दीतल्या एका चेहऱ्याभोवती लाल पेनाने गोल केलेला, तोही दोनदा, इतका दाबून की कागद फाटायच्या बेताला आला होता.

"हा माझा माणूस. छपाईच्या मशीनवर ९ वर्षं आहे. काढू की ठेवू, एवढंच सांगा."

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.)

हा प्रश्न माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. नोकरी करणारे विचारतात, सुट्टीच्या दिवशी सभेला गेलो होतो, साहेबांना कळलं तर? मालक विचारतात, असल्या माणसाचं करायचं काय? मालक तसे कमी येतात. येतात तेव्हा निर्णय बहुतेक झालेला असतो, फक्त त्यावर माझा शिक्का हवा असतो.

फोटो एका मोठ्या गिऱ्हाइकाने पाठवला होता. खाली एकच ओळ: 'तुमच्याकडे असली माणसं आहेत?' त्याला ४ दिवस झाले होते आणि गृहस्थांना झोप नव्हती.

मी आधी रुक्ष प्रश्न विचारले. मोर्चा कामाच्या वेळेत होता का? नाही, सुट्टी होती. अंगात कंपनीचा शर्ट? नव्हता, त्यांनी फोटो मोठा करकरून तपासलं होतं. कामावर पत्रकं वाटतो? कुणाशी वाद घालतो, कुणाला घालूनपाडून बोलतो? कधीच नाही. मोर्चात दगडफेक, धमक्या? नाही. आणि काम? "कामाला तोड नाही हो," म्हणाले, आणि आपल्याच उत्तरावर वैतागले.

कायद्यासाठी मी त्यांना वकिलाकडे पाठवलं, कारण हा कायदा देशागणिक बदलतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५८च्या १११व्या करारात रोजगारातल्या भेदभावाच्या कारणांमध्ये वंश, धर्म यांच्याबरोबर राजकीय मतही आहे. १९८२चा १५८वा करार तर सरळ म्हणतो की राजकीय मत हे कामावरून काढायला वैध कारण नाही. पण हे करार सगळ्या देशांनी स्वीकारलेले नाहीत. कॅलिफोर्नियात मालकाने कामगाराच्या राजकारणात हात घालू नये असा कायदा कित्येक दशकांपासून आहे. त्याच अमेरिकेत इतर काही राज्यांत खासगी मालक जवळजवळ कारण न देता माणूस काढू शकतो. सरकारी नोकरांची गोष्ट वेगळी. त्यांच्या राजकारणावर बंधनं असतात आणि ती मला पटतातही, कारण त्यांच्या खिडकीशी येणाऱ्याला दुसरी खिडकी नसते.

एक खटला मात्र मी त्यांना सविस्तर सांगितला. ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्डला अपंग प्रवाशांची ने-आण करणारा एक बसचालक होता. प्रवासी बहुतांश आशियाई वंशाचे. २००४ साली तो अशा पक्षातर्फे नगरसेवक झाला, ज्याचं सदस्यत्व फक्त गोऱ्यांना मिळायचं. त्याला काढलं. वागण्याबद्दल एकही तक्रार नव्हती. उलट त्याच्या आशियाई वंशाच्या वरिष्ठानेच उत्तम कर्मचारी म्हणून त्याचं नाव सुचवलं होतं. २०१२मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ४ विरुद्ध ३ अशा मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. 'काढणं चूकच' असं न्यायालय म्हणालं नाही. नोकरीला वर्ष झालं नव्हतं म्हणून दाद मागायची वाटच बंद होती, ते चूक, असं म्हणालं. पुढच्याच वर्षी ब्रिटनने ती अट अशा प्रकरणांपुरती काढली.

"म्हणजे न्यायाधीशांचंही एकमत नाही," गृहस्थ म्हणाले. त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

मग मी म्हटलं, समजा याच माणसाच्या हातात तुमच्या पक्षाचा झेंडा असता, आणि गिऱ्हाइकाने हीच ओळ पाठवली असती. तर?

बराच वेळ ते फोल्डरचं बटण उघडझाप करत राहिले. "त्या गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावले असते," शेवटी म्हणाले. मग हळूच, "पण याने मला सांगायला नको होतं?"

दुखणं इथे होतं. हे गृहस्थ रोज सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी उभ्याउभ्या देशाच्या राजकारणावर बोलत. सगळे ऐकत. हाही ऐके, मान डोलवी. ९ वर्षं डोलावलेली ती मान त्यांना मैत्री वाटली होती. ती मान पगारी होती, हे फोटो पाहून कळलं, आणि फसवल्यासारखं झालं. मी विचारलं, त्याने न सांगण्याचं कारण आत्ता या फोल्डरमध्येच नाही का? आपण या क्षणी काय ठरवायला बसलो आहोत?

इथे माझंही सांगायला हवं. तो मोर्चा ज्या पक्षाचा होता, तो मलाही पटत नाही. फोटो पाहून माझ्याही कपाळावर आठी आली होती. म्हणूनच मी कामाबद्दलचे रुक्ष प्रश्न आधी विचारते. माझ्या आठीवर माझा भरवसा नाही.

माझं मत त्यांना स्पष्ट दिलं. काढू नका. त्याने कुणाला धमकावलं असतं, हिंसेला चिथावणी दिली असती, कामावरच्या कुणाला त्याच्या जातीधर्मावरून हिणवलं असतं, तर मी वेगळं बोलले असते, आणि तेव्हाही आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या म्हटलं असतं. इथे तसलं काहीच नाही. गिऱ्हाईक जाण्याची भीती मात्र खरी आहे. ते जाणार नाही असं वचन मी देऊ शकले नाही.

त्यांनी गिऱ्हाइकाला कळवलं: तुमचं काम तोच माणूस करतो, कामात दोष असेल तर सांगा. उत्तर आलं नाही. २ महिन्यांनी ते गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. कारण दराचं दिलं. खरं काय ते यांना अजून ठाऊक नाही, आणि ते अधूनमधून मला टोमणा मारतात.

त्या माणसाशी बोलायला त्यांना आणखी आठवडा लागला. पुढच्या भेटीत आले ते फोल्डरशिवाय.

"बोललात?"

"बोलायला गेलो. 'फोटो बघितलात ना?' त्यानेच विचारलं. रोज घरून निघताना आज काढणार, असं धरूनच येत होता म्हणे." मग खुर्चीत मागे रेलले. "आणि मग आम्ही भांडलो. कडकडून. माझं एक वाक्य धड पुरं होऊ देईना. ९ वर्षांत पहिल्यांदा."

"मग?"

"मग कागद अडकला मशीनमध्ये. गेला तो."