विद्यापीठाच्या लॅबमध्ये कामावर असताना हात भाजला, विभाग म्हणतो नोंद नको. काय करू?

तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कंत्राटदारामार्फत लॅब अटेंडंट आहात. शुक्रवारी संध्याकाळी वेस्टची (टाकाऊ रसायनांची) बाटली उचलताना ती फुटली, उजव्या मनगटावर ॲसिड उडालं, कातडी पिवळी पडून आता सोलतेय. विभागातले सर म्हणतात, "किरकोळ आहे, नॅकची (विद्यापीठाचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) टीम यायची आहे, उगाच कागद नको." तुम्ही विचारलंय की नोंद कुठे करायची, चौकशी कोण करतं, या भानगडीत नोकरी जाईल का, आणि सरांना काय सांगायचं.

मी एका विद्यापीठात तांत्रिक अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. अशा चौकशी समित्यांवर बसलोय, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं ते सांगू शकतो.

आधी हात. कातडी पिवळी पडली म्हणजे बाटलीत नायट्रिक ॲसिड असणार, पण ती वेस्टची बाटली होती. तिच्यात आणखी काय होतं हे आजच विभागात विचारा आणि कागदावर लिहून डॉक्टरला दाखवा. मुख्य भीती हायड्रोफ्लोरिक ॲसिडची. त्याची जखम सुरुवातीला साधी दिसते, दुखणं काही तासांनी चढतं आणि ते आत हाडापर्यंत जातं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट द्यावं लागतं, नुसत्या बर्नॉलने काही होत नाही. ते नव्हतं याची खात्री झाली तर उत्तम. पण ती खात्री सरांच्या "काही नाही हो" वर ठेवू नका.

दवाखान्यात केसपेपर काढताना "कसं भाजलं?" विचारतात. तिथे स्पष्ट सांगा: "कामावर असताना, विद्यापीठाच्या लॅबमध्ये, वेस्टची बाटली फुटून." अनेकजण विभागाची अडचण नको म्हणून "घरी भाजलं" असं सांगून मोकळे होतात. पुढे तोच केसपेपर त्यांच्या समोर ठेवला जातो. पहिल्या दिवशीचा डॉक्टरचा कागद कोणत्याही समितीच्या अहवालापेक्षा जड असतो. आधीच काही वेगळं लिहिलं गेलं असेल तर डॉक्टरांना भेटून खरी हकीकत सांगा आणि पुढच्या तपासणीच्या नोंदीत ती लिहायला लावा.

आता नोंद. ती सरांच्या परवानगीने करायची गोष्ट नाही. तुम्ही साधा अर्ज लिहा, विभागप्रमुखांच्या नावे, आणि प्रती कुलसचिव कार्यालय आणि तुमचा कंत्राटदार यांना. भाषा अगदी कोरडी ठेवा. साधारण असं (फ्यूम हूड म्हणजे लॅबमधलं वाफा बाहेर ओढणारं कपाट):

"दि. ... रोजी सायंकाळी सुमारे ... वाजता, खोली क्र. ... मध्ये फ्यूम हूडखालील टाकाऊ रसायनांची बाटली उचलत असताना ती फुटली. बाटलीवर '...' असे लेबल होते / लेबल नव्हते. द्रव माझ्या उजव्या मनगटावर उडाला. मी ... मिनिटे पाण्याखाली हात धरला. त्या वेळी खोलीत ... हजर होते. ... वाजता ... येथे उपचार घेतले, केसपेपरची प्रत सोबत. कृपया अपघाताची नोंद घ्यावी व चौकशी व्हावी."

बस. यात "सरांच्या हलगर्जीपणामुळे" वगैरे एक शब्दही नको. कायद्याची कलमंही नकोत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे नव्या संहितांमध्ये गेलेत, कलमांचे आकडे बदललेत. चुकीचं कलम लिहिलं की आस्थापना शाखेतला बाबू तेवढ्यावरच अर्ज परत करतो. काय घडलं ते लिहा. कोणत्या कलमात बसतं ते त्यांना शोधू द्या.

अर्ज हातात नेऊन द्या, आवक शाखेत शिक्का मारून घ्या, आवक क्रमांक तुमच्या प्रतीवर लिहून घ्या. "ठेवून जा, साहेब आले की देतो" म्हणाले तर ठेवून येऊ नका. घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच सांभाळून ठेवा. सोबत ई-मेलही करा, कारण त्यावर तारीख-वेळ आपोआप पडते. आणि हाताचे फोटो आजपासून काढत राहा, कारण जखम भरली की किती होती हे कुणालाच आठवत नाही.

पैशांचं म्हणाल तर आधी पगाराची स्लिप बघा. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात होत असेल (महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ती लागू होते) तर ही "नोकरीतली इजा" ठरते. उपचार ईएसआयच्या दवाखान्यात मोफत, आणि अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता आलं नाही तर त्या काळासाठी पगाराच्या ९० टक्क्यांच्या आसपास रोख मिळते. त्यासाठी मालकाने अपघाताचा अहवाल भरायचा असतो, ज्याला सगळे अजून "फॉर्म १२" म्हणतात. साध्या इजेत कळल्यापासून २४ तासांत, गंभीर असेल तर लगेच. तुमचा कंत्राटदार हा फॉर्म भरायला टाळाटाळ करेल हे मी आत्ताच सांगतो. त्याच्या मागे लागायला तुमच्याकडे तो आवक शिक्क्याचा कागद हवा. कपात होत नसेल तर नुकसानभरपाईचा दुसरा रस्ता असतो, तिथे दावा साधारण दोन वर्षांच्या आत करायचा असतो. ईएसआय असताना तो रस्ता बंद, दोन्हीकडून मिळत नाही.

"तू आमचा माणूसच नाहीस, कंत्राटदाराला विचार" असं विद्यापीठ म्हणेल. म्हणू दे. काम ज्याच्या आवारात, ज्याच्या कामासाठी चाललं त्या मूळ मालकाची जबाबदारी कंत्राटदार मध्ये आला म्हणून संपत नाही, हे तत्त्व १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलंय. आधी मूळ मालकाने द्यायचं, मग त्याने कंत्राटदाराकडून वसूल करायचं. "हा माणूस कुणाचा" हा प्रश्न विद्यापीठांत दिवसेंदिवस अवघड होतोय. डिसेंबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत हायड्रोजन सिलिंडरचा स्फोट होऊन एक संशोधक गेला, तिघे जखमी झाले. ते काम करत होते संस्थेच्या प्रयोगशाळेत, पण होते तिथल्याच एका स्टार्टअप कंपनीचे. फेलोशिपवरच्या पीएचडी विद्यार्थ्यांची अवस्था तर तुमच्याहून वाईट. ते कर्मचारीही नाहीत आणि ईएसआयमध्येही नाहीत. तुमच्याकडे निदान एक स्लिप आहे.

आता चौकशीकडे येतो. इथेच मला खरं बोलायचंय, कारण आपल्याकडच्या बहुतेक चौकश्या मी आधीच लिहून देऊ शकतो. तीन प्राध्यापकांची समिती, दोन बैठका, आणि शेवटी एक वाक्य: "सदर अपघात कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे घडला असून यापुढे काळजी घेण्याच्या सूचना देण्यात याव्यात." फाइल बंद. त्या वाक्यापर्यंत पोचायला समिती लागतच नाही.

तुमचीच बाटली घ्या. नायट्रिक ॲसिड आणि ॲसिटोन किंवा मिथेनॉलसारखं सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) एका बाटलीत गेलं की त्यांची आपसात हळूहळू प्रक्रिया सुरू होते. वायू तयार होतो. झाकण घट्ट असेल तर दाब वाढत जातो आणि काच तडकते, कधी अर्ध्या तासात तर कधी रात्रभराने. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये हा अपघात इतका नेहमीचा आहे की जगभरच्या विद्यापीठांत वेस्टच्या बाटल्यांना वायू बाहेर सोडणारी झाकणं वापरतात. तेव्हा समितीने विचारायचं ते असं. नायट्रिक त्या बाटलीत कुणी ओतलं, यापेक्षा ते ओतता आलं कसं? बाटलीवर लेबल होतं का? बहुधा सॉल्व्हंटचीच रिकामी बाटली धुऊन वापरली असेल, मग वेस्टसाठी वेगळ्या बाटल्या का नव्हत्या? मागणी केली होती का? खरेदी शाखेत ती किती दिवस पडून होती? वेस्टचं रजिस्टर आहे का, की तेही नॅक आली की लिहायचं? आणि शुक्रवारी संध्याकाळी ती जड बाटली एकट्या अटेंडंटने, हातमोजे न घालता उचलायची, हे ठरवलं कुणी? हातमोजे होते का? तुमच्या मापाचे होते का? हसू नका, मी अशी समिती पाहिली आहे जिच्यासमोर एकाच मापाचे, डिंकासारखे चिकटलेले मोजे पुरावा म्हणून ठेवले होते.

यातल्या प्रत्येक उत्तराच्या पुढे दुरुस्ती कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत करायची हे नाव घालून लिहिलं, तर ती चौकशी. "सूचना देण्यात याव्यात" याला मी दुरुस्ती मानत नाही. झाकण बदललं की ते रात्री दोन वाजताही काम करतं. भिंतीवर चिकटवलेलं परिपत्रक तसं करत नाही.

आणि एक गोष्ट तातडीची. बाटलीचे तुकडे, लेबल, फ्यूम हूडखालची जागा सोमवारपर्यंत धुऊन पुसून चकचकीत झालेली असेल. सफाई व्हायलाच हवी, पण तिच्याआधीचे फोटो कुणाकडे आहेत का ते बघा. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बहुतेक वेळा सापडतात. शेजारी त्या वेळी कोण होतं त्यांची नावंही लिहून ठेवा. समितीने त्यांना एकेकटं बोलवायला हवं. सगळ्यांना विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये एकत्र बसवून विचारलं की सगळ्यांना एकच आठवतं.

"किरकोळ आहे, नोंद नको" या वाक्याची मला चीड का येते ते सांगतो. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत टेक्सास टेक विद्यापीठात स्फोटक संयुगावर काम करताना स्फोट झाला. एका विद्यार्थ्याची तीन बोटं गेली, डोळ्यालाही इजा झाली. एका वेळी किती बनवायचं याची तोंडी ठरलेली मर्यादा होती १०० मिलिग्रॅमची, त्यांनी बनवलं होतं १० ग्रॅम. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने (रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने) चौकशी केली तेव्हा कळलं की त्याच गटात २००७ पासून दोनदा थोडक्यात बचावण्याचे प्रसंग घडले होते. कुणाला लागलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवले नव्हते, की पुढच्या विद्यार्थ्यांना सांगितले नव्हते. लिहिलं असतं तर पुढच्या मुलाला निदान वाचता आलं असतं.

दुसरं उदाहरण लॉस एंजेलिसचं. डिसेंबर २००८ मध्ये तिथल्या यूसीएलए विद्यापीठात एक २३ वर्षांची संशोधन सहायक हवेत पेट घेणारं रसायन सिरिंजने घेत होती. प्लंजर (सिरिंजचा दट्ट्या) बाहेर आला, स्वेटर पेटला, अंगात लॅबकोट नव्हता. १८ दिवसांनी ती गेली. त्याच लॅबमध्ये साधारण दोन महिने आधी विद्यापीठाच्याच सुरक्षा तपासनिसांनी लॅबकोट वापरत नाहीत असं लिहून ठेवलं होतं. म्हणजे नोंद होती, दुरुस्ती नव्हती. ती विद्यार्थिनी नसून पगारी कर्मचारी होती म्हणून राज्याच्या कामगार सुरक्षा यंत्रणेला दंड करता आला, पुढे गुन्हाही दाखल झाला. कर्मचारी असण्याचा हा फरक तिकडेही पडतो.

नोकरीचं. खोटा दिलासा देत नाही. कंत्राटदार "उद्यापासून येऊ नको" म्हणू शकतो आणि म्हणतातही. ईएसआयमधून इजेचा लाभ घेत असताना कामावरून काढायला वा शिक्षा करायला मनाई होती आणि ती जुन्या कायद्यात कलम ७३ मध्ये स्पष्ट लिहिलेली होती. आजच्या तरतुदीसाठी ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन विचारा, तिथली माणसं वाटतात त्यापेक्षा मदत करतात. दुसरं म्हणजे एकटे जाऊ नका. विद्यापीठात कर्मचारी संघटना असतेच. कंत्राटींना त्या सहसा सभासद करून घेत नाहीत, पण संघटनेचा एक जुना माणूस तुमच्यासोबत आवक शाखेच्या खिडकीशी उभा राहिला तरी शिक्का लवकर बसतो.

समिती नेमली गेली तर तुमचा जबाब वाचून मगच सही करा, आणि त्याची प्रत मागा. अहवाल देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. विद्यापीठ सार्वजनिक प्राधिकरण आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फार लांबवू नका, कारण अहवालच तयार नसेल तर तुमचा अर्ज पोचल्यावर तो तयार व्हायला लागतो, हे मी आतून पाहिलंय.

सरांना काय सांगायचं असं शेवटी विचारलंय. भांडू नका. ईएसआयची कपात होत असेल तर सांगा, "सर, ईएसआयवाले अपघाताची नोंद मागतायत, त्याशिवाय रजेच्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत, म्हणून अर्ज दिलाय." हे खरंही आहे आणि त्यात कुणावर ठपका नाही. त्यावर ते काय म्हणाले ते घरी आल्यावर तारखेसह वहीत लिहून ठेवा.