‘सर्व बंद’ दाबले की रिसीव्हर सुरू का होतो? तीन खोल्यांच्या एकाच रिमोटविषयी

आपल्या प्रश्नातून मला समजलेली परिस्थिती अशी : हॉल, आपली बेडरूम आणि आईवडिलांची खोली अशा तीन ठिकाणी टीव्ही आहेत, हॉलमध्ये त्याच्या जोडीला एव्ही रिसीव्हर (स्पीकरांना आवाज पुरवणारे यंत्र), सेट-टॉप बॉक्स आणि फायर टीव्ही स्टिक आहे, हॉलचा आणि शेजारच्या बेडरूमचा टीव्ही एकाच कंपनीचा आहे. आपण युनिव्हर्सल रिमोटवर ‘सर्व बंद’ असे एक बटण तयार केले, पण ते दाबल्यावर टीव्ही बंद होतो आणि रिसीव्हर मात्र कधी बंद होतो, कधी सुरूच राहतो. शिवाय बेडरूमचे दार उघडे असले तर हॉलचा टीव्ही सुरू करताना तिथलाही जागा होतो. गेली दहा-बारा वर्षे मी स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या घरी हेच उद्योग करीत आलो आहे आणि यातली जवळपास प्रत्येक चूक माझ्या हातून झालेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे रिमोट बिघडलेला नाही. तो बदलून आणण्याच्या फंदात पडू नका. इन्फ्रारेड रिमोट फक्त बोलतो, ऐकत नाही. समोरचे यंत्र चालू आहे की बंद, हे त्याला कधीच कळत नाही. त्यातच बहुतेक मूळ रिमोटांवरचे पॉवरचे बटण ‘बंद हो’ असे सांगतच नाही, ते ‘आहेस त्याच्या उलट हो’ एवढेच सांगते. हातात रिमोट धरून आपण टीव्हीकडे पाहत असतो तेव्हा याने काही बिघडत नाही, कारण पाहण्याचे काम आपले डोळे करतात. आपल्या ‘सर्व बंद’सारखा एकामागून एक आज्ञा आपोआप सोडणारा मॅक्रो मात्र आंधळा असतो.

आपल्या बाबतीत त्यात एचडीएमआय-सीईसीची भर पडली असावी, असा माझा कयास आहे. एचडीएमआयच्या केबलमधूनच यंत्रे एकमेकांना सुरू-बंद करतात, ती ही सोय. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिम्पलिंक आणि सोनी ब्राव्हिया सिंक. मॅक्रोतली पहिली आज्ञा टीव्ही बंद करते, टीव्ही जाता जाता सीईसीवरून रिसीव्हरलाही झोपवतो, आणि तेवढ्यात मॅक्रोची दुसरी आज्ञा येऊन पोहोचते : ‘आहेस त्याच्या उलट हो.’ नुकताच बंद झालेला रिसीव्हर आज्ञाधारकपणे सुरू होतो. हे कधी घडते आणि कधी नाही, कारण सीईसीचा निरोप पोहोचायला दर वेळी सारखाच वेळ लागतो असे नाही. खात्री करून घ्यायची असेल तर टीव्हीच्या मूळ रिमोटने फक्त टीव्ही बंद करा आणि दहा-पंधरा सेकंद रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीकडे पाहत राहा. तो आपोआप बंद झाला, तर चोर सापडला. मग एक तर सीईसी बंद करा किंवा मॅक्रोतून रिसीव्हरची आज्ञा काढून टाका; दोन्ही कारभारी एकाच घरात ठेवू नका.

सीईसी नको असेल तर खरा उपाय म्हणजे ‘सुरू’ आणि ‘बंद’ यांचे वेगवेगळे कोड, ज्यांना या क्षेत्रात डिस्क्रीट कोड म्हणतात. ‘बंद’चा असा कोड आधीच बंद असलेल्या यंत्राला दहा वेळा पाठवला तरी ते बंदच राहते. गंमत अशी, की यामाहा, डेनॉन, ओन्क्यो यांच्या अनेक रिसीव्हरांना आणि बऱ्याच टीव्हींना हे कोड समजतात, परंतु त्यांच्या सोबत आलेल्या रिमोटवर ती बटणे बहुधा नसतात. त्यामुळे मूळ रिमोटवरून शिकवून (म्हणजे त्याचे बटण दाबून नव्या रिमोटला त्याची नक्कल करायला लावून) ते मिळत नाहीत, याद्यांतून शोधावे लागतात. रिमोट सेंट्रल या संकेतस्थळावर कंपनीनिहाय मोठा संग्रह आहे. हे कोड बहुधा फिलिप्सच्या प्रॉन्टो रिमोटमुळे रूढ झालेल्या सोळाआधारी रूपात असतात आणि चार-चार अंकांच्या त्या लांबलचक रांगा पाहून सुरुवातीला छाती दडपते. त्यातला दुसरा गट तेवढा वाचायला शिका. तिथे ००६डी असेल तर लहर सुमारे ३८ किलोहर्ट्झची आहे, ००६७ असेल तर ४० ची (सोनी ही वापरते) आणि ००७३ असेल तर ३६ ची, म्हणजे फिलिप्सच्या आरसी-५ या कोड पाठवण्याच्या पद्धतीची. सोनीच्या टीव्हीसाठी म्हणून उतरवलेल्या कोडमध्ये ००७३ दिसले, तर तो चुकीच्या पानावरून घेतलेला आहे, एवढे क्षणात कळते.

मात्र बाजारातल्या स्वस्त युनिव्हर्सल रिमोटमध्ये, ज्यांत तीन-चार आकडी क्रमांक दाबून कंपनी निवडायची असते, असा कोड बाहेरून भरताच येत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी विचारायचा प्रश्न ‘यात किती यंत्रे बसतात’ हा नसून ‘मूळ रिमोटवर नसलेली आज्ञा यात घालता येते का’ हा आहे. लॉजिटेकच्या हार्मनी मालिकेत अशा कोडांचा उत्तम साठा होता, पण कंपनीने २०२१ मध्ये ते रिमोट बनवणे थांबवले. जुना घ्यायचा झाल्यास त्याची जुळणी कंपनीच्या सर्व्हरवरून होते, हे लक्षात घेऊनच पैसे मोजा.

डिस्क्रीट कोड सापडलाच नाही, तर एक जुनी युक्ती आहे. अनेक सेट-टॉप बॉक्स आणि काही टीव्ही झोपलेले असताना त्यांना आकड्याचे बटण पाठवले तर जागे होतात, आणि जागे असतील तर फार तर चॅनल बदलतात. तेव्हा ‘सुरू’साठी पॉवर न वापरता आकडा पाठवावा, आणि ‘बंद’साठी आधी आकडा, मग आठ-दहा सेकंदांची विश्रांती, मग पॉवर. म्हणजे यंत्र आधी कोणत्याही अवस्थेत असो, पॉवरची आज्ञा पोहोचते तेव्हा ते चालूच असते. बंद करण्यापूर्वी ते क्षणभर सुरू होते, हे पाहुण्यांना विचित्र दिसते खरे. पण माझ्या भावाकडचा बॉक्स अनेक वर्षे याच पद्धतीने बिनचूक बंद होत आहे. (एसीच्या रिमोटला ही कटकट नसते, कारण तो प्रत्येक वेळी तापमान, पंखा आणि चालू-बंद अशी सगळी स्थिती एकदमच पाठवतो, म्हणून तर त्याच्यावर छोटा पडदा असतो.)

आता एकाच कंपनीच्या दोन टीव्हींविषयी. इन्फ्रारेड भिंतीतून जात नाही, पण पांढऱ्या भिंतीवरून आणि कपाटाच्या काचेवरून परावर्तित होऊन उघड्या दारातून सहज वळसा घेते. काही रिसीव्हरांमध्ये रिमोटचा ओळखक्रमांक १ किंवा २ असा बदलता येतो, टीव्हींमध्ये मात्र ही सोय सहसा नसते. तिथे रिमोटचे किरण टिपणारा टीव्हीचा डोळाच झाकणे भाग पडते. टॉर्चचा उजेड तिरका टाकून खालच्या चौकटीतला तो डोळा शोधा, त्यावर चिकटवायचा आयआर एमिटर (वायरच्या टोकाला असलेला इन्फ्रारेडचा छोटा दिवा) बसवा आणि वरून झाकून टाका. यात मी एकदा फसलो आहे. नुसती काळी चिकटपट्टी लावली, तरी टीव्ही दुरून ऐकतच होता. आपल्या डोळ्यांना जे काळे दिसते ते इन्फ्रारेडलाही काळेच असते असे नाही. अनेक रिमोटांच्या तोंडावरची ती काळपट खिडकी याच गुणावर चालते. पट्टीखाली स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा नखाएवढा तुकडा ठेवला आणि प्रश्न मिटला.

हे एमिटर ज्याला जोडायचे ते प्रत्येक खोलीत वेगळे असावे. ब्रॉडलिंकसारखे, वाय-फायवरून आलेली आज्ञा इन्फ्रारेडने पुढे पाठवणारे छोटे हब खोलीगणिक एक ठेवले, तर बेडरूमची आज्ञा फक्त बेडरूमच्या हबकडे जाते आणि ‘एकच रिमोट’ ही कल्पना प्रत्यक्षात येते. मात्र असा हब घेताना त्याला एमिटरची वायर जोडण्याची सोय आहे का, ते पाहून घ्या. काही हब फक्त चहूकडे किरण फेकतात. यांतले बरेच हब केवळ २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ओळखतात, त्यामुळे जोडणी करताना फोनही त्याच जाळ्यावर असू द्या, आणि राउटरमध्ये प्रत्येक हबचा जाळ्यावरचा (आयपी) पत्ता कायमचा राखून ठेवा. नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ते बदलतात आणि स्वतः लिहिलेल्या आज्ञा भलत्याच दारात जाऊन थांबतात.

जी बटणे मूळ रिमोटवरून शिकवावी लागतील, ती शिकवताना दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, तीन-चार बोटांच्या अंतरावर ठेवा, मूळ रिमोटमध्ये नवे सेल घाला आणि शक्यतो सीएफएल दिवे मालवा. बटण दाबून धरू नका, टिचकीसारखे दाबा. दाबून धरलेल्या आवाजाच्या बटणाबरोबर पुनरावृत्तीही नोंदली जाते आणि मग एका दाबात आवाज चार पायऱ्या उडी मारतो. आरसी-५ पद्धतीच्या यंत्रांत आणखी एक खोच आहे. तिथे प्रत्येक नव्या दाबाला कोडमधला एक बिट उलटतो, पण शिकलेल्या नोंदीत तो एकाच बाजूला गोठून जातो. त्यामुळे चॅनल ११ साठी दोनदा १ दाबला, तर यंत्राला एकच बटण बराच वेळ दाबल्यासारखे वाटते आणि चॅनल १ लागतो. १२ नीट लागतो, ११ लागत नाही, या कोड्यात मी एक अख्खा रविवार घालवला आहे. अशा यंत्रासाठी शिकवलेला कोड न वापरता रिमोटच्या साठ्यातला तयार कोड वापरावा.

फायर टीव्ही स्टिकला इन्फ्रारेडचा डोळाच नाही. तिचा रिमोट तिच्याशी रेडिओलहरींवरून बोलतो आणि टीव्हीचा आवाज, पॉवर यांसाठी तेवढा इन्फ्रारेड वापरतो. त्यामुळे हॉलमध्ये सीईसी ठेवणेच सोयीचे जाईल, किंवा ब्लूटूथही बोलू शकणारा सोफाबॅटनसारखा रिमोट घ्यावा लागेल. मी आपल्या जागी असतो तर सीईसी ठेवली असती आणि ‘सर्व बंद’मध्ये टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स या दोनच आज्ञा ठेवल्या असत्या.

आईवडिलांच्या खोलीला मात्र या योजनेतून वगळा, असे मी आग्रहाने सांगेन. तिथे एकच टीव्ही आहे. सुरू-बंद, आवाज आणि चॅनल एवढीच बटणे असलेला, मूळ रिमोटवरून शिकणारा साधा रिमोट पुरतो. माझ्या आईला मी स्पर्शपडद्याचा रिमोट दिला होता, तेव्हा ती चौथ्या दिवशी म्हणाली, “याच्याकडे बघायला चष्मा लागतो, आणि टीव्हीकडे बघायला तो काढावा लागतो.” उठावदार बटणे बोटांना अंधारातही सापडतात.

मूळ रिमोट टाकून देऊ नका, कारण काही सेटिंग्ज फक्त त्यांवरूनच उघडतात आणि वाय-फाय गेल्यावर तेच उपयोगी पडतात. त्यांतले सेल मात्र काढून ठेवा. ते पाझरले की आतल्या पट्ट्या गंजतात. प्रत्येकावर खोलीचे नाव लिहून सगळे एका पिशवीत ठेवा. रिसीव्हरचा मॉडेल क्रमांक कळवलात, तर त्याचा ‘बंद’चा स्वतंत्र कोड शोधून द्यायला मदत करीन.