‘जगभरात २००० कोटींची कमाई’ म्हणजे निर्मात्याच्या हातात नेमके किती येतात?

तुम्ही विचारलंय की ‘दंगल’ने जगभरात दोन हजार कोटी कमावले असं सगळीकडे छापलेलं असतं, मित्र म्हणतो म्हणजे तेवढे पैसे बनवणाऱ्यांच्या घरात आले, तर हे खरं का? आणि परदेशातला आकडा वाचायचा तरी कसा?

नाही आले. निम्मेसुद्धा नाही आले. मित्राला चहा पाजायला लावा.

मी सांगलीचा. सध्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहितो, पण त्याआधी सात-आठ वर्षं एका सिनेमा वितरकाकडे प्रतिनिधी होतो. हे काम आता कुणाला ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. सिनेमाची पेटी एसटीनं विटा, तासगाव, वडूज, कोरेगाव अशी फिरायची आणि तिच्या मागोमाग वितरकाचा एक माणूस जायचा. थेटरच्या दाराशी उभं राहायचं, तिकीटबुकांचे पहिले आणि शेवटचे नंबर टिपून घ्यायचे, आणि रात्री मॅनेजरनं भरलेल्या डीसीआरवर, म्हणजे दिवसाच्या गल्ल्याच्या कागदावर, सही करायची. जेवण थेटरवाल्याचं, पगार वितरकाचा. त्यामुळे सिनेमाचा पैसा कुठून निघतो आणि वाटेत कुठे कुठे मुरतो, हे मी पायरीवर बसून पाहिलंय.

आमच्याकडे बेदाण्याचा सौदा निघतो तेव्हा भाव मोठ्यानं पुकारतात. तो ऐकून शेजारपाजारचे गावभर सांगत सुटतात की अण्णांच्या मालाला अमुक भाव लागला. अण्णा मात्र गप्प असतात. तूट, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी, म्हणजे उरलेल्या पैशाचा हिशेब, हातात पडली की मगच बोलतात. पेपरातला दोन हजार कोटी हा पुकारलेला भाव आहे. पट्टी वेगळी.

आधी घरचा हिशेब. समजा तुम्ही २३६ रुपयांचं तिकीट काढलं. शंभराच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ रुपये सरकारचे. २३६ हा ‘ग्रॉस’, उरलेले २०० हा ‘नेट’. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं वाजलं होतं, दोनेक महिने नवे मोठे हिंदी सिनेमे लागलेच नव्हते, आठवत असेल. शेवटी तडजोड झाली ती अशी: नेटमधले पहिल्या आठवड्याला ५० टक्के वितरकाचे, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५, पुढे ३०. तपशिलात कमीजास्त होत असेल, पण साचा तोच. म्हणजे तुमच्या २३६ मधले पहिल्या आठवड्यात शंभर रुपये पुढे सरकले, आणि तुम्ही सावकाश चौथ्या आठवड्यात गेलात तर साठच. (सिनेमा पहिल्या तीन दिवसांत बघा म्हणून तारेतारका का एवढ्या ओरडतात, ते इथे कळतं.) या शंभरातून वितरकाचं कमिशन, जाहिराती, डिजिटल प्रोजेक्शनचं भाडं जातं, आणि राहील ते निर्मात्याचं. तेही त्यानं मधल्या काळात व्याजानं उचललेलं असतं ते सोडून.

त्यात आणखी एक गोम आहे. हिंदीवाले देशातला आकडा बहुतेक वेळा नेटमध्ये बोलतात आणि दक्षिणेतले ग्रॉसमध्ये. ‘जगभरात’ म्हटलं की मात्र सगळेच ग्रॉसवर उतरतात, कारण तो मोठा दिसतो. दोन सिनेमांची तुलना करताना एकाचा नेट आणि दुसऱ्याचा ग्रॉस घेऊन भांडणारी माणसं मी रोज बघतो. ‘सैराट’चंच घ्या. एप्रिल २०१६ ला आला तेव्हा जीएसटी नव्हता, मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता आणि हिंदीला महाराष्ट्रात तो ४५ टक्के होता. म्हणजे ‘सैराट’चा इथला ग्रॉस आणि नेट जवळजवळ एकच. त्याचे शंभर कोटी हे त्याच वर्षीच्या हिंदी सिनेमाच्या ग्रॉस शंभर कोटींपेक्षा जड होते. तेही तालुक्याच्या गावातल्या स्वस्त तिकिटांवर. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात रहिमतपूरला रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागल्याची बातमी तेव्हा आली होती. पहाटे तीनला ऊस पाजायला उठणारा माणूस सिनेमाला उठला!

आता परदेश. सिनेमाच्या धंद्याचा नकाशा फार जुना आहे. त्यात सांगली-सातारा ‘मुंबई’ सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या इलाख्यात, विदर्भ ‘सीपी-बेरार’मध्ये आणि मराठवाडा ‘निजाम’मध्ये. निजामाचं राज्य १९४८ ला गेलं, सिनेमाच्या वहीत अजून आहे. त्याच वहीत शेवटी एक रकाना असायचा, ‘ओव्हरसीज’. आमच्या वेळी तो रकाना म्हणजे कुणीतरी एकरकमी विकत घेऊन गेलेला माल, पुढं त्याचं काय झालं याच्याशी कुणाला देणंघेणं नसे. आज त्याच रकान्याचे देशवार तुकडे पडलेत आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी आहे. अमेरिकेत तिकिटाच्या पैशातला ढोबळ निम्मा वितरकाकडे येतो. ब्रिटनमधला जो आकडा छापून येतो त्यात तिथला २० टक्के व्हॅट धरलेला असतो, तो आधी काढायचा आणि मग वाटणी. चीनमध्ये वाट्यावर लागलेल्या परदेशी सिनेमाला मिळतात साधारण २५ टक्के. शंभरातले पंचवीस! आणि अशा वाट्यावरच्या सिनेमांची संख्याही ठरलेली, २०१२ पासून वर्षाला ३४. बाकीचे परदेशी सिनेमे तिथे ठोक किमतीला विकत घेतले जातात. मग तो पुढे कितीही पळो, विकणाऱ्याला ठरलेली रक्कम मिळाली की विषय संपला.

‘दंगल’च्या दोन हजार कोटींतला निम्म्याहून मोठा भाग चीनचा आहे, बाराशे कोटींच्या पुढे. हे लक्षात घेतलं की मित्राला काय सांगायचं ते तुम्हाला कळलंच असेल.

पण पैशापेक्षा मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. ‘परदेशात चालला’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक, आपलीच माणसं तिकडे जाऊन राहिलीत, त्यांनी बघितला. दुसरी, तिकडच्या माणसांनी बघितला. एप्रिल २०१७ मध्ये ‘बाहुबली २’ अमेरिकेत त्या आठवड्याच्या यादीत तिसरा आला आणि शेवटी उत्तर अमेरिकेत दोन कोटी डॉलरच्या वर गेला. भलताच मोठा आकडा. पण त्या रांगेत बहुसंख्य तेलुगू आणि इतर भारतीय घरं होती. वाईट काही नाही, ग्राहक तो ग्राहक. फक्त तो हैदराबादचाच विस्तार म्हणायचा.

‘दंगल’चं तसं नव्हतं. तो मे २०१७ मध्ये चीनमध्ये लागला तेव्हा पहिल्या दिवशी बेताचाच होता आणि दुसरा शनिवार पहिल्या शनिवारपेक्षा मोठा निघाला. धंद्यातल्या माणसाला असं काही दिसलं की अंगावर काटा येतो. जाहिरातीवर आलेला सिनेमा शुक्रवारी वर असतो आणि मग उतरतो. चढत गेला म्हणजे बघून आलेल्यानं घरी जाऊन सांगितलंय. आम्ही सांगली-साताऱ्याकडची माणसं कुस्तीवर हक्क सांगणारी. कुंडलचं मैदान आमचं, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. म्हणून मला आधी वाटलं, चिन्यांनाही कुस्तीचा नाद असणार. तसं काही नाही. त्यांनी नाव काय ठेवलं होतं बघा: ‘श्वाय जिआव बा, बाबा’. ‘चला कुस्ती खेळू, बाबा’. त्यांच्याकडेही बापाला बाबाच म्हणतात. लेकीच्या मागे लागलेला हट्टी बाप त्यांच्या घराघरात होता. त्याच्या पुढच्या वर्षी ‘सीक्रेट सुपरस्टार’नं तिथे सातशे कोटींच्या वर धंदा केला. भारतात त्याचा आकडा शंभरालाही पोचला नव्हता. त्यातही घरातली लेक आणि घरातला बाप. उलट ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ तोच हिरो, आमिर खान, घेऊन गेला आणि साफ आपटला.

जपानमध्ये ‘आरआरआर’ ऑक्टोबर २०२२ ला लागला आणि वर्षाहून जास्त चालत राहिला, दोन अब्ज येनच्या पुढे गेला. त्याआधीचा तिथला भारतीय विक्रम १९९८ साली लागलेल्या रजनीकांतच्या ‘मुत्तू’चा. चोवीस वर्षं टिकला!

सगळ्यात जुनी गोष्ट राहिलीच. ‘आवारा’ १९५४ ला सोव्हिएत रशियात लागला आणि त्याची सहा कोटींच्या वर तिकिटं गेली. पुढे ‘डिस्को डान्सर’चीही सहा कोटींच्या घरात. पण तिथली सरकारी संस्था सिनेमा ठोक किमतीला घ्यायची, त्यामुळे तिकिटं सहा कोटी जावोत की सहा लाख, विकणाऱ्याच्या पट्टीत फरक नाही. आजच्या कुठल्याही ‘जगभरात’च्या यादीत हे सिनेमे वर दिसत नाहीत. माझ्या मते भारतीय सिनेमा परदेशात सगळ्यात जास्त चालला तो तेव्हा.

आकडा वाचायचा कसा, हा तुमचा दुसरा प्रश्न. पैसे नव्हे, डोकी मोजा. फ्रान्समध्ये बॉक्स ऑफिस म्हणजे किती माणसं आली हेच सांगतात, किती युरो जमले ते नंतर. दक्षिण कोरियात सरकारी जाळ्यात एकेक तिकीट नोंदलं जातं, कुणीही बघावं. पैशात मोजलं की रुपया घसरला तरी सिनेमा मोठा झाल्यासारखा वाटतो. ‘टायटॅनिक’ आला तेव्हा डॉलर चाळीसच्या आत होता, म्हणजे तेव्हाच्या एका डॉलरचे रुपयात आज दुपटीहून जास्त होतात. शिवाय ‘जगभरात’ हा शब्दही तपासून घ्या. ‘अवतार’च्या २९० कोटी डॉलरमधला पाऊण हिस्सा अमेरिका-कॅनडाच्या बाहेरचा आहे, तो खरोखर जगभर चालला. २०२५ मधला चिनी ‘न झा २’ दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेला, पण जवळजवळ सगळा चीनच्या आतच.

भारतात डोकी मोजणारी अशी एक उघडी सरकारी वही नाही. निर्माता सांगेल तो आकडा, आणि धंद्याचे जाणकार अंदाज बांधतील तो. माझ्या वेळी नेमकं उलटं होतं, तेव्हा आकडा लपवायचे. एका तालुक्याच्या गावी, नाव नको, मी मध्यंतराच्या आधी बॅटरी घेऊन आत शिरलो आणि रांगा मोजल्या. चारशे बारा डोकी. डीसीआरवर दोनशे नव्वद. मॅनेजरला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, “आवो पावणं, निम्मी आमचीच पोरं हायती. गावच्या पोरास्नी तिकीट मागायचं व्हय?” आणि चहा सांगितला. मी सही केली नाही, शेठला एसटीडीवरून फोन लावला. शेठ म्हणाले, “सोड, त्याच्याकडं पुढचा सिनेमा लावायचाय.” मग सही केली. चहाही घेतला.

आता फुगवतात, कारण आकड्यावर पुढच्या सिनेमाचं मानधन, ओटीटीचा भाव आणि चाहत्यांची भांडणं अवलंबून असतात. कंपन्यांकडून ठोक तिकिटं घ्यायला लावायची आणि पोस्टरवर हाऊसफुल्ल छापायचं, हेही चालतं. चारशे बाराचे दोनशे नव्वद करणारे हात आता दोनशे नव्वदचे चारशे बारा करतात, एवढंच.

मराठी सिनेमा परदेशात चालेल का, असं तुम्ही खाली जाता जाता विचारलंय. सध्या तरी तो बराचसा पहिल्या प्रकारचा आहे, म्हणजे तिकडे राहणाऱ्या आपल्याच माणसांनी बघितलेला. माझा भाचा न्यू जर्सीकडे असतो. तिथे मंडळातली चार टाळकी मिळून एका थेटरचा रविवार दुपारचा एक खेळ ठरवतात, निर्मात्याला एक रक्कम कबूल करतात आणि व्हॉट्सॲपवर तिकिटं विकतात. मागे त्यानं हाऊसफुल्लचा फोटो पाठवला, एकशे ऐंशी खुर्च्या, सगळी आपली माणसं, पुढच्या रांगेत नऊवारीतल्या दोन आज्या. मी विचारलं, पट्टी किती झाली? थेटरचं भाडं आणि निर्मात्याची रक्कम देऊन चाळीस डॉलर राहिले म्हणाला. त्यात बटाटेवडे आणले.