ग्रीस पुन्हा पुन्हा बाहेर का येतं?

प्रश्न : ताई, माझ्याकडे १९७३ची पोर्शे ९११ आहे. गेल्या वर्षी मागच्या ॲक्सलचे चारही रबरी बूट (जॉइंटवरची रबरी आवरणं) बदलून घेतले. वर्ष व्हायच्या आतच डाव्या बाजूला गिअरबॉक्सजवळ काळं ग्रीस उडालेलं दिसू लागलंय. बूट कुठेही फाटलेले नाहीत. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की मागून ‘टक’ असा आवाजही येतो. जॉइंट बदलावे लागतील, की नुसतं नीट सील करून भागेल?

उत्तर : हे उत्तर वाचून झालं की आधी एक करा. गाडी बाहेर काढण्यापूर्वी मागची दोन्ही चाकं स्टँडवर घ्या आणि सीव्ही जॉइंटचे (ॲक्सलच्या टोकाशी असलेल्या, कोनातही सारख्या वेगानं फिरणाऱ्या सांध्याचे) बोल्ट घट्ट आहेत का ते तपासा. ग्रीस आणि ‘टक’ एकत्र आले की माझा पहिला संशय सैल बोल्टवर जातो. फार वर्षांपूर्वी मी स्वतः बसवलेल्या एका ॲक्सलचे बोल्ट असेच सुटले होते. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लागलेलं होतं, पान्हा व्यवस्थित फिरला, टॉर्क रेंचनं (ठरलेला जोर लागला की आवाज करणाऱ्या पान्ह्यानं) कट्ट केलं आणि मी निर्धास्त झाले. फ्लँजच्या, म्हणजे जॉइंट ज्या चकतीला बोल्टांनी जोडतात तिच्या, तोंडावरही ग्रीसचा थर राहिला होता. तो थर दबून निघून गेला, बोल्टचा ताण उतरला आणि बोल्ट एकेक करून ढिले झाले. चालवणाऱ्यानं आवाज ऐकून गाडी लगेच थांबवली म्हणून निभावलं. तेव्हापासून फ्लँज, बोल्ट आणि बोल्टची भोकं हाताला कोरडी लागल्याशिवाय मी जॉइंट वर चढवत नाही.

आता ग्रीसबद्दल. तुमच्या गाडीत हा जॉइंट फ्लँजला बोल्टांनी जोडलेला असतो. बूट त्याची फक्त एक बाजू झाकतो. फ्लँजकडची बाजू उघडीच असते आणि तिथे अडसर असतो तो एका पातळ कागदी गॅस्केटचा. बूट बदलायचा तर जॉइंट फ्लँजपासून सोडवावाच लागतो. मग जुनं गॅस्केट फाटतं, त्याचे तुकडे फ्लँजला चिकटून राहतात आणि कित्येकदा त्यावरच सगळं पुन्हा आवळलं जातं. बूट शाबूत आणि ग्रीस मात्र बाहेर, याचं कारण बहुधा इथेच सापडेल. सगळं पुसून थोडी गाडी चालवा आणि डाग कुठे पडतो ते बघा. जॉइंट आणि फ्लँज जिथे भेटतात त्या रेषेत पट्टा उमटला तर गॅस्केटची बाजू. बूट ज्या पत्र्याच्या टोपीला जोडलेला असतो तिच्या कडेला ओलं दिसलं तर पत्रा आणि जॉइंट यांमधली फट. आणि ॲक्सलच्या दांड्यावर ग्रीस असेल तर बुटाचं तोंड तिथे आवळणारा छोटा क्लॅम्प.

जॉइंट बदलायचा की नाही, हे उघडून धुतल्याशिवाय सांगता येत नाही. तुमच्या गाडीत दोन्ही टोकांना फ्लँज असल्यामुळे चाकाचा हब न काढता अख्खा ॲक्सल खाली येतो. बोल्टच्या डोक्यातल्या खाचेत मळ घट्ट बसलेला असतो. तो टोकदार सळईनं पूर्ण उकरा, मगच चावी ठोकून आत बसवा. खाच एकदा गोल झाली की पुढचा दिवस त्या एका बोल्टवर जातो. बोल्ट सोडताना हँडब्रेक लावायचा, पुढचा बोल्ट समोर आणताना सोडायचा.

प्रत्येक जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या, एक पिंजरा, एक आतलं आणि एक बाहेरचं कडं असतं. एका जॉइंटचे भाग दुसऱ्यात जाता कामा नयेत, म्हणून चार वेगळे डबे घ्या. गोळ्यांच्या वाटेवर नुसती चमकदार रेघ असेल तर काळजी नको. नख अडकेल असा खड्डा, उडालेला टवका किंवा तापून निळी पडलेली जागा दिसली तर तो जॉइंट बाद.

या गाडीचा एक इतिहास इथे उपयोगी पडतो. १९६९च्या मॉडेलपासून ९११चा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २२११ मिलिमीटरवरून २२६८ झाला. मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकली, इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र होते तिथेच राहिले. त्यामुळे ॲक्सल सरळ रस्त्यावरही थोडे मागे झुकूनच फिरतात आणि गोळ्या सतत आपापल्या वाटेवर पुढेमागे होत राहतात. ओढीचा भार मात्र वाटेच्या एकाच कुशीवर पडतो. झीज किरकोळ असेल तर डावा ॲक्सल उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावा, आतलं टोक आतच ठेवून. भार न झिजलेल्या कुशीवर जातो आणि जॉइंट आणखी बरीच वर्षं देतो. मी हे अनेकदा केलंय आणि चांगले जुने जॉइंट उगाच फेकून देणं मला पटत नाही.

जोडताना एक गोष्ट चुकू देऊ नका. गोळ्यांच्या वाटा एकाआड एक तिरक्या असतात, त्यामुळे कड्यावर दोन वाटांमधलं अंतर आळीपाळीनं रुंद आणि अरुंद दिसतं. बाहेरच्या कड्याच्या रुंद भागासमोर आतल्या कड्याचा अरुंद भाग आला पाहिजे. उलट बसवलात तर जॉइंट अडकतो. बरोबर बसला की हातानं सगळीकडे सहज झुकतो. दांड्यावरचा थाळीसारखा वॉशर कोणत्या तोंडानं होता ते काढतानाच खडूनं लिहून ठेवा. सर्क्लिप (जॉइंट दांड्यावर अडकवून ठेवणारी कडी) खाचेत पूर्ण बसली का, ते डोळ्यांनी बघा.

ग्रीस मॉलिब्डेनम डायसल्फाइडचंच हवं, चाकाच्या बेअरिंगचं चालणार नाही. ते बोटानं गोळ्यांच्या मागेपुढे दाबून भरा. बूट ठासून भरायचा नसतो, जादा ग्रीस गरम झालं की कुठून तरी वाट काढतंच.

मग सीलिंग, आणि इथे घाई नको. दोन्ही तोंडं ग्रीस काढणाऱ्या द्रावणानं पुसा, पांढऱ्या फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत. नवीन गॅस्केट कोरडंच लावा. पत्र्याच्या टोपीला आतून, भोकांच्या आतल्या बाजूनं, न कडकणाऱ्या सीलंटची दोऱ्याएवढी रेघ पुरते. जाड रेघ दाबली गेली की आत गोळ्यांपर्यंत पोचते. बोल्टखाली नवे दातेरी वॉशर, त्याखाली मूळच्या पट्ट्या, आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळा. टॉर्कचा आकडा बोल्टच्या मापानुसार बदलतो, म्हणून तुमच्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. छोटा क्लॅम्प सगळ्यात शेवटी : गाडी चाकांवर उभी असताना बुटाची कड बोथट पट्टीनं उचलून आत कोंडलेली हवा सोडा, मग आवळा. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

प्रश्न : माझ्या जॅग्वार ई-टाइपच्या मागच्या ॲक्सलला बूट नाहीतच, युनिव्हर्सल जॉइंट आहेत. ग्रीस गन लावली की चारपैकी तीनच टोप्यांमधून ग्रीस बाहेर येतं. हे चालेल का?

उत्तर : नाही. चौथ्या टोपीतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या चालल्या आहेत. या गाडीत १९६१पासून ॲक्सलचा दांडाच सस्पेन्शनची वरची भुजा म्हणून काम करतो, त्यामुळे क्रॉस (चारही टोप्या ज्यावर बसतात तो फुलीसारखा तुकडा) झिजला की नुसता आवाज होत नाही, चाकाचा कलही ढळतो. आतला जॉइंट ब्रेक डिस्कच्या शेजारी असतो आणि तिथल्या उष्णतेनं ग्रीस लवकर वाळतं.

आधी चाकं लोंबकळत ठेवून जॉइंट वेगवेगळ्या कोनात फिरवत गन पुन्हा लावून बघा, कधी कधी वाट मोकळी होते. नाही झाली तर अख्खा क्रॉस बदला, एकटी टोपी नको. नवी टोपी दाबताना एखादी सुई तळाशी आडवी पडते आणि सर्क्लिप खाचेत बसत नाही. तेव्हा हातोडा न उचलता टोपी परत बाहेर काढा. सगळं बसल्यावर योकच्या (टोप्या धरणाऱ्या दुबेळक्या भागाच्या) कानांवर हलकेच ठोका, म्हणजे टोप्या सर्क्लिपला टेकतात आणि क्रॉस मोकळा हलतो. डिस्क आणि दांड्याच्या फ्लँजमधल्या शिम्स (पातळ चकत्या) चाकाचा कल जुळवण्यासाठी असतात. निघाल्या तितक्याच, त्याच बाजूला परत घाला आणि नंतर कल मोजून घ्या.