हॅम्बुर्गला येताय? मुलाच्या नोकरीबद्दल सविस्तर

नमस्कार,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: हॅम्बुर्गजवळच्या एका कंपनीची ऑफर हातात आहे, ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा इथे राहण्याचा परवाना) होईल असं दिसतंय. मुलगा सव्वासोळा वर्षांचा, डाउन सिंड्रोम, नाशिकला विशेष शाळेत जातो आणि तिथल्या कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो. जर्मनीत अशा मुलांना पगारी नोकरी देणाऱ्या कंपन्या आहेत असं तुम्ही ऐकलंय. ते खरं का, आणि त्यासाठी अख्खा संसार हलवावा का, असं विचारताय.

खरं आहे. पण ऐकताना वाटतं तितकं सरळ नाही. आम्ही २०१३ मध्ये पुण्याहून इथे आलो तेव्हा आमची लेक बारा वर्षांची होती. तिलाही बौद्धिक अक्षमता आहे. आज ती एका हॉटेलात सकाळचा नाश्ता मांडायचं काम करते, आठवड्याला पंचवीस तास. मधली तीन वर्षं मात्र आमच्या अज्ञानामुळे भलतीकडे गेली. म्हणून जरा लांबण लावते.

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. मुलाला कुटुंबाचा व्हिसा मिळतो तो अठरा पूर्ण होण्याआधी अर्ज केला तरच. सोळा वर्षांवरच्या मुलांना एरवी जर्मन भाषेची अट लागते, पण ब्लू कार्डवाल्यांच्या मुलांना ती नाही. अठरा ओलांडले की सज्ञान मुलाला आणणं जवळपास अशक्य. ‘आधी मी जाऊन बस्तान बसवतो, मग दोन वर्षांनी यांना नेतो’ हा आपल्याकडचा नेहमीचा बेत तुमच्या बाबतीत घातक आहे. सगळे एकदम या, नाहीतर फार तर सहा महिन्यांच्या अंतरानं.

दुसरं, आरोग्य विमा. तुमचा पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर एजंट मंडळी खाजगी विम्याच्या मागे लागतील, हप्ताही सुरुवातीला कमी दिसेल. घेऊ नका. खाजगी कंपनी मुलाला नाकारू शकते किंवा जबर हप्ता लावू शकते. सरकारी विम्यात तो तुमच्या नावावर फुकट येतो, आणि अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर वयाची मर्यादाही लागत नाही. अट एकच: तो तुमच्या विम्यात असतानाच अपंगत्व असायला हवं. ते तर जन्मापासूनचंच आहे.

आता कामाचं. इथे तीन दारं आहेत आणि बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात.

पहिलं दार म्हणजे ‘वेर्कश्टाट’, दिव्यांगांची कार्यशाळा. देशभरात जवळपास तीन लाख माणसं अशा कार्यशाळांमध्ये आहेत. आत शिरणं सोपं. तीन महिने चाचपणी, दोन वर्षं प्रशिक्षण, मग कायमची जागा. बस घरी न्यायला येते, जेवण आत मिळतं, वीस वर्षं भरली की पेन्शन. आईबापाचा जीव भांड्यात पडतो. आमचाही पडला होता. पण तिथे बसणारा माणूस कायद्यानं पूर्ण कामगार नसतो, त्याला किमान वेतन लागू नाही. महिन्याला हातात येतात सरासरी दोनशे-सव्वादोनशे युरो, बाकी खर्च सरकारी मदतीवर. आणि तिथून बाहेरच्या नोकरीत जाणारे वर्षाला शंभरात एकही नसतात.

आमची लेक शाळा सुटल्यावर थेट तिथेच गेली. मार्गदर्शनाला बसलेल्या बाईंनी दुसरा पर्याय सांगितलाच नाही, आणि आम्हाला विचारायचं काय हेच ठाऊक नव्हतं. ती स्क्रू मोजून पिशवीत भरायची. दहा भोकांची लाकडी पाटी समोर ठेवायची, प्रत्येक भोकात एक स्क्रू, सगळी भरली की पाटी पिशवीत उलटी करायची. तिला दहापर्यंत मोजता येतं हो. पुण्याच्या शाळेत ती घड्याळ लावून पोळ्या मोजायची. पण पाटी सगळ्यांना होती म्हणून तिलाही. वर्षभरानं ती घरी येऊन काही सांगेनाशी झाली तेव्हा आमच्या लक्षात आलं.

कार्यशाळांवर नुसती टीका करणंही बरं नाही, त्यांच्यामागे इतिहास आहे. नाझी काळात याच हॅम्बुर्गच्या आल्स्टरडॉर्फमधल्या संस्थेतून शेकडो दिव्यांगांना मरायला पाठवलं गेलं. युद्धानंतर उरलेल्या आईबापांना मुलांसाठी एक सुरक्षित भिंत हवी होती. १९५८ मध्ये मारबुर्गला पालकांनी ‘लेबेन्सहिल्फे’ ही संघटना काढली, पुढे कार्यशाळांचं जाळं विणलं गेलं ते अशाच पालकांच्या रेट्यानं. भिंत सुरक्षेसाठी बांधली, आता तिला दार पाडताना जड जातंय, एवढंच.

दुसरं दार म्हणजे तुम्ही ऐकलेल्या त्या कंपन्या, ‘इन्क्लुझिओन्सबेट्रीब’. हे प्रकरण नीट समजून घ्या, कारण दयेवर चालणारी ही संस्था नव्हे. बाजारात उतरलेला धंदा आहे तो. अट अशी की कर्मचाऱ्यांपैकी किमान तीस टक्के तीव्र दिव्यांग हवेत, आणि सहसा निम्म्याच्या वर नकोत. पगार रीतसर, किमान वेतनाच्या खाली नाही. २०२६ मध्ये ते तासाला १३.९० युरो आहे. आमच्या लेकीच्या पंचवीस तासांचे महिन्याला साधारण दीड हजार होतात, कापाकापी होऊन बाराशेच्या आसपास हातात. पहिली पगाराची चिठ्ठी आली तेव्हा पेन्शनसाठी कापलेली रक्कम पाहून ती चिडली. ‘माझे पैसे कोणी घेतले?’ म्हणाली. तिच्या बाबांनी तिला म्हातारपण समजावून सांगण्यात अख्खी संध्याकाळ घालवली.

पैसा कुठून येतो ते सांगते, कारण त्यात खरी गंमत आहे. वीस किंवा जास्त जागा असलेल्या प्रत्येक मालकानं पाच टक्के जागा तीव्र दिव्यांगांना द्यायच्या, असा इथला कायदा. नाही दिल्या तर रिकाम्या जागेमागे दर महिन्याला दंड. एकही माणूस न घेणाऱ्या मोठ्या कंपनीला तो २०२५ पासून महिन्याला ८१५ युरो पडतो. बऱ्याच कंपन्या दंड भरून मोकळ्या होतात. पण तो पैसा सरकारी तिजोरीत विरघळत नाही, वेगळा राहतो आणि अशाच कामांकडे वळतो: यंत्रं घ्यायला अनुदान, हळू काम करणाऱ्याच्या पगाराचा काही वाटा, सोबत लागणाऱ्या मदतनिसाचा खर्च. जे घेत नाहीत त्यांनी घेणाऱ्यांचा खर्च उचलायचा. मला हा हिशोब फार आवडतो.

उदाहरणं हवीत म्हणालात. हॅम्बुर्गच्याच आल्टोना भागात १९९३ मध्ये ‘श्टाटहाउसहोटेल’ सुरू झालं, ते दिव्यांग मुलांच्या पालकांनीच उभं केलं. मुलं मोठी होताहेत, पुढे काय, हा तुमचाच प्रश्न त्यांनाही पडला होता. दक्षिणेत ‘काप’ नावाची किराणा दुकानं आहेत, पहिलं १९९९ मध्ये झिंडेलफिंगनला. मोठ्या साखळ्यांना परवडत नाही म्हणून बंद पडलेल्या वस्तीतल्या दुकानाच्या जागी ती उघडतात, त्यामुळे म्हाताऱ्यांना कोपऱ्यावर दूध-पाव मिळतो आणि दिव्यांगांना नोकरी. बर्लिनची ‘ऑटिकॉन’ २०११ पासून स्वमग्न माणसांना आयटी सल्लागार म्हणून नेमते, ती काढणाऱ्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न आहे. हॅम्बुर्ग बंदरातल्या जुन्या गोदामांमध्ये ‘डायलॉग इम डुंकेल्न’ आहे: मिट्ट काळोखात दृष्टिहीन माणूस वाट दाखवत तुम्हाला फिरवतो. आलात की पहिल्या महिन्यात तिथे जा, मुलाला घेऊन.

पण संख्या बघा. पूर्ण जर्मनीत अशा कंपन्या हजाराच्या आसपास. कार्यशाळेत तीन लाख. म्हणजे रांग आहे. आणि धंदा असल्यामुळे तो बुडूही शकतो, कोरोनात हॉटेलवाल्यांचे काय हाल झाले ते आम्ही जवळून पाहिलं. त्यामुळे माणूस निवडताना ते चोखंदळ असतात. वेळेवर येणार का? एकटा येणार का? कंटाळा आला तर सांगणार का, की निघून जाणार?

तिसरं दार मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. साध्या कंपनीत साधी नोकरी, सोबत मदतीला माणूस. २०१८ पासून ‘बुजेट फ्युअर आर्बाइट’ नावाची सोय आहे: कार्यशाळेत बसण्याचा हक्क असलेल्या माणसाला बाहेरच्या मालकानं घेतलं तर पगाराचा पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत भाग सरकार देतं, शिवाय कामावर शिकवणारा माणूसही. नाही जमलं तर कार्यशाळेत परत यायचा हक्क शाबूत. हॅम्बुर्गला ‘हाम्बुर्गर आर्बाइट्सअसिस्टेन्झ’ १९९२ पासून हेच करते, मुलांना कामाच्या जागी नेऊन तिथेच शिकवते. तीही पालकांच्याच चळवळीतून आलेली. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतच त्यांच्याकडे जा. आम्ही गेलो तीन वर्षं उशिरा.

लेकीचा पहिला प्रयोग फसला, तेही सांगते. एका कँटीनमध्ये पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं तिथल्या साठीच्या आचाऱ्याला वाकून नमस्कार केला. तो घाबरून दोन पावलं मागे सरकला, मग सगळे हसले. ते निभावलं. पण भांडी धुण्याच्या मशीनचा आवाज तिला सहन होईना, चौथ्या दिवशी ती कोठीत जाऊन बसली ती बाहेर येईना. संपलं. हॉटेलात मात्र सोबतच्या मदतनीस मुलीनं आधी दोन दिवस नुसतं निरीक्षण केलं. मग चित्रांची प्लास्टिक चढवलेली कार्डं केली: अंडी, चीज, काकडी, पाव, प्रत्येकाची ताटली आणि टेबलावरच्या जागेला त्याच रंगाची पट्टी. शेवटचं कार्ड पाहुण्यांसाठी. कोणी काही विचारलं आणि कळलं नाही, तर ‘आइनेन मोमेंट, बिटे’ (एक मिनिट थांबा) म्हणायचं आणि सहकाऱ्याला बोलवायचं. गडबडीत तिच्या तोंडून ‘थांबा’च येतं. नेहमी येणारे एक आजोबा आता तिला लांबूनच ‘थांबा’ म्हणून हाक मारतात.

भाषेचं हेच. तुमच्या मुलाला जर्मन व्याकरण शिकवायला क्लास लावू नका. साठ-सत्तर शब्द पुरतात, पण ते घाबरलेला असतानाही तोंडात यायला हवेत: दुखतंय, कळलं नाही, नको, मदत, संडास कुठे. त्याहून जास्त उपयोगी पडतील त्या सवयी नाशिकलाच लावता येतील. घड्याळ बघणं, एकट्यानं सिटी बसनं दोन थांबे जाणं, हात धुऊन टोपी घालणं, मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणणं. हे शेवटचं आपल्याकडची मुलं शिकतच नाहीत, कारण आपण शिकवत नाही.

कागदांबाबत एक घोटाळा टाळा. यूडीआयडी कार्डावरची, म्हणजे आपल्याकडच्या दिव्यांग ओळखपत्रावरची, टक्केवारी इथे चालत नाही. इथे नव्यानं तपासून वीस ते शंभर असा आकडा देतात आणि पन्नासपासून पुढे तीव्र दिव्यांगत्वाचं कार्ड मिळतं. आपल्या चाळीस टक्क्यांचा आणि इथल्या चाळिसाचा काही संबंध नाही. तरी जुने वैद्यकीय अहवाल भाषांतर करून आणा, तपासणीत कामी येतात. दुसरं, फक्त सरकारी मदत मिळवायला आलेल्या परदेशी माणसाला दिव्यांगांची ती मदत नाही, असं कायद्यात आहे. तुम्ही तुमच्या नोकरीसाठी येताय, तेच खरं आहे आणि कुणी विचारलं तर तेच सांगा. कचेरीत जाण्याआधी ‘एउटेबे’ नावाच्या मोफत सल्ला केंद्रात जा. तिथे बऱ्याचदा स्वतः दिव्यांग असलेली माणसंच सल्ला देतात आणि त्यांना कोणत्या फॉर्मवर काय लिहायचं ते बरोबर माहीत असतं.

यावं का? तुमची नोकरी तुम्हाला स्वतःसाठी पटत असेल तर या. केवळ मुलाच्या नोकरीसाठी येत असाल तर थांबा. तिथे त्याला रिक्षावाले, दूधवाला, शाळेतल्या ताई सगळे नावानं ओळखतात, इथे पहिली दोन वर्षं त्याला कोणीही ओळखणार नाही. ते एकटेपण तुमच्यापेक्षा वहिनींच्या वाट्याला जास्त येईल, ऑफिसात तुमचा दिवस जाईल. त्यांच्याशी मोकळेपणानं बोला. त्यांनाही इथे पहिल्या दिवसापासून काम करायची परवानगी असते हे सांगा, बऱ्याच जणींना ते ठाऊक नसतं.

आणि एवढ्या लांबलचक प्रश्नात मुलाला काय आवडतं ते तुम्ही लिहिलंच नाही. पिशव्या त्याला आवडतात, की शाळेत त्याच असतात म्हणून तो करतो? इथे पहिल्याच भेटीत हेच विचारतील. फोटोही मागतील, काम करतानाचे. आमच्याकडे होते ते सगळे वाढदिवसाचे. शाळेतल्या बाईंना सांगून आत्ताच दहा-बारा काढून घ्या: कात्री धरलेला हात, चिकटवतानाचा चेहरा, गठ्ठा बांधून झाल्यावरचा.