ओवी खरंच ओवण्यावरून आली का?

डिचोलीहून एका ताईंनी विचारलंय की 'ओवी' हा शब्द 'ओवणे'वरून आला असं शाळेत सांगायचे ते खरं का, आणि जात्यावरची ओवी नि पोथीतली ओवी एकच म्हणायची का?

फुलं ओवावीत तशी अक्षरं ओवायची म्हणून ओवी, हे ऐकायला इतकं गोड आहे की मला आधी संशयच येतो. पण ही काही आजच्या मास्तरांची कल्पना नाही, ज्ञानेश्वरी संपवताना खुद्द ज्ञानदेव 'ओवियेचेनि प्रबंधें' म्हणतात आणि लगेच पुढे 'अक्षरें गुंथिलीं'. आता कवी शब्दाशी खेळणारच, त्याला व्युत्पत्तीचा पुरावा म्हणता येणार नाही, तरी तेराव्या शतकातल्या कानालासुद्धा हे दोन शब्द शेजारी शेजारी वाटत होते हे काही थोडं नाही. मी ओवण्याच्याच बाजूचा.

दुसऱ्या प्रश्नात जास्त मजा आहे. चालुक्य राजा सोमेश्वराचा 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, बाराव्या शतकातला, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडेकशे वर्षं आधीचा, त्यात म्हटलंय की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. दळताना नव्हे हां, कांडताना! आपण सगळे जातं जातं करतो पण त्या श्लोकात मुसळ आहे, आणि भात खाणाऱ्या आम्हा गोंयकारांना हे जास्त पटायला हवं. मग देवगिरीच्या यादवांकडे असलेला शार्ङ्गदेव 'संगीतरत्नाकरा'त लक्षणच देतो, की देशी भाषेत प्रास जुळणारे तीन खंड आणि शेवटी 'ओवी' हे पद आलं की ती ओवी. 'पहिली माझी ओवी' अशी सुरुवात अजून करतात ना, तो शब्द गाण्याच्या आत असा जुनाच मुरलेला आहे, फक्त शेवटचा पुढे आला.

म्हणजे गायची ओवी आधीची, पोथीवाल्यांनी ती तिथून उचलली. आमच्या गोव्याच्याच कृष्णदास शामा या कवीनं 1526 मध्ये कृष्णचरित्र लिहिलं ते ओवीत, आणि इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनंसुद्धा ख्रिस्तपुराणासाठी ओवीच धरली, जवळजवळ 11 हजार, गोव्यातल्या रायतूरला 1616 मध्ये रोमन लिपीत छापलेलं. त्यातली सगळ्यांना पाठ असलेली घ्या आणि बोटांवर अक्षरं मोजा:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा । कीं रत्नांमाजी हिरा निळा । तैसी भासांमाजी चोखळा । भासा मराठी ।।

11, 9, 9 आणि शेवटी फक्त 5. किळा, निळा, चोखळा असे तीन प्रास जुळले आणि चौथा चरण अर्ध्यातच, प्रासाबिगर. ओवी साडेतीन चरणांची म्हणतात ती ही अशी, आणि शार्ङ्गदेवाचे तीन खंडही इथेच दिसतात. जात्यावरची बहुतेक दोन ओळींत बसते, मधे ग, बाई, सये घालून हवी तेवढी लांबवता येते कारण ती हाताच्या फेऱ्यावर चालते, डोळ्यांनी वाचायची नसतेच. तेव्हा घराणं एक, अंगण वेगळं, असं मी म्हणेन.

जाता जाता, पोर्तुगीज कागदांत हीच 'वोवी' होऊन बसलीय. इन्क्विझिशनच्या, म्हणजे गोव्यातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, 1736 च्या फर्मानात लग्नात असल्या ओव्या म्हणायला ख्रिश्चनांना मनाई केली होती, चारचौघात नाही आणि घरातही नाही. बाटून पिढ्या उलटल्या तरी बायका गातच होत्या, नाहीतर बंदी घालायची वेळ कशाला आली असती.

आणि ताई, मुलाला अभ्यासात ओवीचे लघु-गुरू मांडायला सांगितले असतील तर सोडून द्या, ओवीला गण लागत नाहीत, अक्षरांचा आकडासुद्धा सैल असतो. पक्का आकडा हवाच असेल तर थोरला अभंग घ्यावा, 6-6-6-4, त्यातही शेवटचा चरण आखूडच.